पाटा फिरायला गेलाय

पहिल्याच रविवारी मी फुटपाथवर चढले. बुलेटसकट.

सकाळचे सव्वासहा झाले होते. बॅलार्ड इस्टेटमधला रस्ता मोकळा. एक झोपलेलं कुत्रं आणि सायकलला चहाची किटली लटकवून उभा असलेला एक माणूस, एवढेच प्रेक्षक. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, मूठ पिळली आणि गाडी सरळ जायचं सोडून डावीकडे निघाली. मग मी जे केलं ते पंचवीस वर्षं मोटारसायकल चालवलेलं कुणीही करेल. अंग उजवीकडे टाकलं आणि उजवी मूठ पुढे दाबली. गाडी आणखी डावीकडे गेली, डाव्या अंगाला जोडलेल्या साइडकारचं, म्हणजे बाजूच्या एकचाकी डब्याचं, चाक फुटपाथच्या कडेवर चढलं आणि मी एका दगडी इमारतीच्या पायरीपासून हातभर अंतरावर थांबले. कुत्र्याने एक डोळा उघडला, परत मिटला.

मेस्त्री सावकाश चालत आले. साठीचे, लालबागचे, मूळचे कोकणातले. घाई कशाचीच नाही. म्हणाले, ‘‘ताई, तुम्ही गाडी चालवत नाही. तुम्ही गाडीला विनंती करताय.’’

त्यांचं म्हणणं मला कळायला दोन रविवार गेले. दुचाकी वेगात असताना डावीकडे वळवायची तर आपण डावी मूठ किंचित पुढे ढकलतो. म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे जातं, त्यामुळे गाडी डावीकडे कलते आणि कलली की वळते. हे आपल्याला कुणी शिकवत नाही. अंगच कधीतरी शिकतं आणि आपल्याला न सांगता आयुष्यभर करत राहतं. साइडकार जोडली की गाडी कलूच शकत नाही. तीन पायांचं स्टूल कुठे कलतं? मग हँडल उजवीकडे म्हणजे गाडी उजवीकडे, लहान मुलाच्या तिचाकीसारखं. म्हणजे मी फुटपाथ टाळायला अंगाची सगळी अक्कल पणाला लावून जे करत होते, त्याने मी नेमकी फुटपाथवरच जाणार होते.

हा उद्योग आत्यासाठी होता. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहिली. माझ्या मोटारसायकलच्या मागे ती सत्तरी उलटली तरी बसायची, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन. दोन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि मागे बसणं बंद झालं. टॅक्सीत बसवायची तर परळहून दादरचं नाव काढलं की मीटर टाकायच्या आधीच हात नकारार्थी हलतो. बसची पायरी उंच. महिनाभर ती खिडकीत बसून होती. मग एके दिवशी सहज म्हणाली, ‘‘दादाची लॅम्ब्रेटा असती तर अशी वेळ आली नसती.’’ दादा म्हणजे माझे बाबा.

लॅम्ब्रेटा मला पुसट आठवते. फिकट निळी, सेकंडहँड. तेव्हा नव्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, त्यामुळे परळच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या माणसाला सेकंडहँडशिवाय गत नव्हती. लॅम्ब्रेटा बनायची तेव्हा इथेच, भांडुपला, ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’च्या कारखान्यात. बाबांनी तिला साइडकार लावून घेतली होती. चालवायला बाबा, मागे आई, डब्यात आत्या आणि आत्याच्या मांडीवर मी. पाच वर्षांच्या मुलीला याहून चांगली जागा जगात नसते. डोळे बरोबर बसच्या चाकाएवढ्या उंचीवर.

तर मेस्त्रींनी माझगावहून एक जुनी बुलेट शोधून आणली, बिडाच्या इंजिनाची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. सोबत होडीच्या आकाराची साइडकार, आणि आरसी बुकात तिची रीतसर नोंद. नोंद नसती तर गाडीत बदल करायला आरटीओची मंजुरी काढत बसावं लागलं असतं. मी तेवढ्यावरच सौदा पक्का केला. इंजिनाचा आवाजसुद्धा नीट ऐकला नाही.

साइडकार जोडणं हा नटबोल्ट आवळायचा प्रकार असेल असं मला वाटलं होतं. चार जागी बांधतात, बस. पण मेस्त्रींनी अख्खा शनिवार घेतला. सरकत्या खिडक्यांचे ॲल्युमिनियमचे दोन लांब चॅनेल त्यांनी जमिनीवर ठेवले, एक बुलेटच्या दोन्ही चाकांना टेकवून, एक साइडकारच्या चाकाला. पुढचं आणि मागचं अंतर मोजलं. दोन्ही चॅनेल समांतर असून चालत नाही. साइडकारचं चाक नाकाच्या बाजूने जरासं आत, बुलेटकडे वळलेलं लागतं. बोटभरसुद्धा नाही, त्याहून कमी. मग गवंड्याचा ओळंबा काढून हँडलवरून सोडला आणि बुलेट अगदी थोडी बाहेरच्या अंगाला, साइडकारपासून दूर, झुकती ठेवली. मी विचारलं, सरळ का नको? तर म्हणाले, ‘‘रस्ता कुठे सरळ आहे?’’ आणि खरंच. पाणी गटारात जावं म्हणून आपला रस्ता मधे फुगीर आणि डावीकडे उतरता असतो. गाडी ओळंब्यात सरळ बांधली तर ती दिवसभर गटाराच्या दिशेने ओढत राहील आणि संध्याकाळी हात भरून येतील.

ओढण्याचं मात्र मेस्त्रींनी बांधूनही संपत नाही. ते या गाडीच्या जन्माबरोबरच आलंय. इंजिन आणि ओढणारं चाक उजव्या बाजूला, ओझं डाव्या बाजूला. मूठ पिळली की उजवी बाजू पुढे पळते, डावीकडचं ओझं मागे रेंगाळतं आणि नाक डावीकडे वळतं. ब्रेक मारला की उलटं. बुलेट थांबते, साइडकारला स्वतःचा ब्रेक नसला तर ती आपल्याच नादात पुढे जाते आणि गाडी उजवीकडे फिरते. थोडक्यात, गती दिली तर फुटपाथ आणि ब्रेक मारला तर समोरून येणारी बस. या दोन्हींच्या मधे हँडल धरून राहणं म्हणजे साइडकार चालवणं. हे उमगेपर्यंत माझे दंड असे दुखत होते की पोळ्या लाटता येत नव्हत्या.

तिसऱ्या रविवारी एक अपमान झाला. मेस्त्रींचा हाताखालचा पोरगा, विशीतला, आठवडाभर कुर्ल्याला मामाची रिक्षा चालवणारा. मी आठचा आकडा काढताना तिसऱ्यांदा खडूच्या रेषेबाहेर गेले, तेव्हा मेस्त्री त्याला म्हणाले, ‘‘जा, दाखव.’’ पोरगा बसला, गिअर उजवीकडे आहे हे एकदा विचारून घेतलं आणि पहिल्या फटक्यात आठ काढून आला. नंतर उलटा आठ. त्याला काही विसरायचंच नव्हतं. रिक्षा हँडलनेच वळते, कलत नाही. वर शहाणपण शिकवून गेला, ‘‘ताई, रिक्षापेक्षा सोप्पी आहे. रिक्षाला तीन माग, खड्डा चुकवला तरी कुठलं तरी चाक जातंच. हिला दोनच माग.’’ मी चहा प्यायला गेले.

आणि आता खरी गोष्ट.

सुरुवातीपासून मेस्त्रींनी साइडकारमध्ये रेतीच्या दोन गोण्या टाकल्या होत्या, पंचवीस-पंचवीस किलोच्या. मी विचारलं तर म्हणाले, असू द्या. चौथ्या रविवारी त्यांनी दोन्ही काढल्या. ‘‘आता डावं वळण घ्या. नेहमीसारखंच.’’

मी नेहमीसारखंच घेतलं. वळणाच्या मध्यावर आधी गेला तो आवाज. साइडकारच्या चाकाची एक बारीक खरखर असते, ती ऐकू येते हेसुद्धा मला तोपर्यंत कळलं नव्हतं. ती थांबली. मग डाव्या गुडघ्याजवळ होडीचं नाक वर येताना दिसलं, सावकाश, दाराबाहेर उभं राहून आत डोकावणाऱ्या माणसासारखं. चाक हवेत मोकळं फिरत होतं. मला डावा पाय खाली टाकावासा वाटला. त्याची मेस्त्रींनी पहिल्या दिवशीच बंदी घातली होती, डावीकडे पाय टाकला तर बुलेट आणि साइडकारच्या दांड्यांमध्ये अडकून मोडतो. आणखी डावीकडे वळवावंसंही वाटलं. तीही चूक, चाक जास्तच उचललं जातं. मी मूठ सैल केली आणि हँडल थोडं सरळ सोडलं. गाडी वळणातून बाहेर, रस्त्याच्या उजव्या अंगाला गेली आणि चाक धप्पकन खाली आलं. समोरून कुणी येत नव्हतं, कारण रविवार होता.

मेस्त्री म्हणाले, ‘‘रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा वाईट. लोकांना उलटं वाटतं.’’

मी थरथरत बसले होते आणि माझ्या डोक्यात पाटा आला.

आमच्या परळच्या खोलीत पाटा-वरवंटा मोरीच्या कडेला असायचा. काळा, जड, पाट्याला मधे आईच्या हाताने खोलगट झालेला भाग. आणि तो वारंवार नाहीसा व्हायचा. वरवंटा जागेवर, पाटा नाही. आई ओल्या खोबऱ्याची वाटी हातात घेऊन उभी आणि शेजारच्या काकूंनी विचारलं की म्हणायची, ‘‘पाटा फिरायला गेलाय. आला की वाटेन.’’ काकू हसायच्या. मला हे सगळं नेहमीचंच वाटायचं. मोठी झाल्यावर मी मनाशी असं ठरवून टाकलं होतं की बाबा पाटा टाकी लावून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खरबरीत करून, घ्यायला नेत असणार. ‘‘पाट्याला टाकीऽऽ’’ अशी हाळी देत चाळीतून फिरणाऱ्या बायका मला चांगल्या आठवतात. टाकी दारात लावून मिळत असताना कुणी पाटा घेऊन कशाला जाईल, हा प्रश्न पन्नाशी उलटेपर्यंत मला पडला नाही.

मी तिथूनच, फुटपाथवर बसून, आत्याला फोन लावला. ‘‘आत्या, बाबा लॅम्ब्रेटावरून पाटा का न्यायचे?’’

‘‘का म्हणजे?’’ ती म्हणाली. ‘‘मी नसले की.’’

‘‘तू नसलीस की?’’

‘‘अगं, मी ऑफिसला गेले की डबा रिकामा. रिकामा डबा वळणावर उचलायचा. एकदा भोईवाड्याच्या नाक्यावर पडला ना दादा. तेव्हापासून माझ्या जागी पाटा. वहिनी चिडायची.’’ मग थोडं थांबून, ‘‘तुला ठाऊक नव्हतं?’’

मला ठाऊक नव्हतं. बाबा गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. आईला जाऊन सहा. ते दोघं असताना मी कधी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे हेच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी आत्या स्वतः आली. तिला आणायला टॅक्सी मिळाली, हा योगच. मेस्त्रींनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, अजिबात संकोच न करता, आणि पोराला म्हणाले, ‘‘एक गोणी राहू दे.’’ आत्याचं वजन आता एक्केचाळीस किलो आहे. तिला ते लागलं. ‘‘मी अठ्ठावन्न होते,’’ असं तिने मेस्त्रींना सुनावलं.

हेल्मेटवरून दुसरा वाद झाला. अंबाड्यावर बसत नाही, आणि आम्ही कधी घातलं नाही, असे दोन मुद्दे. दुसऱ्या मुद्द्यात तिची बाजू पूर्वी कायद्यानेही घेतली होती. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात हेल्मेटचं कलम लिहिताना साइडकारमध्ये बसणाऱ्याला चक्क वगळलं होतं. २०१९च्या दुरुस्तीत ती सूट गेली. आता गाडीवरून नेल्या जाणाऱ्या, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला ते लागतं. मी हे सांगितल्यावर तिने अंबाडा सोडला, वेणी घातली आणि हेल्मेट चढवलं. कायद्याला ती मानते. मला मानत नाही.

बसल्यावर तिने दोन्ही हातांनी पुढची कड पकडली, पाय लांब केले, आणि मी किक मारायच्या आत म्हणाली, ‘‘वळायच्या आधी सांगायचं. दादा ‘डावं’ म्हणायचा आणि कडेवर टिचकी मारायचा.’’

मी सांगितलं, ‘‘डावं.’’ आत्या बाहेर झुकली. अशी झुकली की माझ्या पोटात गोळा आला. खांदा होडीच्या बाहेर, मान रस्त्याकडे, खुबा तेवढा जपून. आणि चाक जमिनीला चिकटून राहिलं. महिनाभर जे वळण मी दात-ओठ खात घेत होते ते तिने एका बाजूने सरळ करून दिलं. उजव्या वळणाला ती माझ्याकडे सरकली. ब्रेकला मागे रेलली. पंचेचाळीस वर्षांनंतर. मी पंचवीस वर्षं गाडी चालवतेय म्हणून मला मेस्त्री लागला होता आणि जिला उभ्या आयुष्यात हँडल धरायला मिळालं नाही तिला सगळं येत होतं.

मी तिला म्हटलं, साइडकारच्या जागतिक शर्यती १९४९ पासून होतात, त्यात बाजूला बसणारा असाच झुकतो, कधी तर रस्त्याला घासेल इतका, आणि त्याला ‘मंकी’ म्हणतात. ‘‘म्हणू देत,’’ आत्या म्हणाली. ‘‘दादा ‘काउंटरवेट’ म्हणायचा. त्यापेक्षा माकड बरं.’’

मुंबईत आमची जात कुठली, हे अजून ठरलेलं नाही. कायद्याने साइडकारसकट गाडी ही मोटारसायकलच, व्याख्येतच तसं लिहिलंय. म्हणून रिक्षा जिथे माहीम आणि सायनला थांबते तिथून आम्ही तीन चाकांवर पुढे ऐटीत जातो. पण सी-लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू आम्हाला बंद. दुचाकी म्हणून बंद, आणि तिचाकी म्हटलं तरी बंद. मोटारसायकलचं या शहरातलं खरं सुख म्हणजे फट. दोन टॅक्सींच्या मधून, बसच्या कडेने, सिग्नलच्या अगदी पुढे. ते गेलं. आता मी टॅक्सीच्या मागे टॅक्सीसारखी उभी राहते. पहिले काही दिवस मला याचा भयंकर राग यायचा. आत्याला येत नाही. तिला दुकानांच्या पाट्या वाचायच्या असतात. थांबलो की आजूबाजूचे हमखास ते गाणं म्हणतात, १९७५च्या सिनेमातलं, कुठलं ते सांगायला नको. आत्याचं त्यावर एकच मत आहे. ‘‘चालत्या गाडीवर कसले खांद्यावर चढतात मेले. वळण आलं असतं म्हणजे?’’

जूनमध्ये पहिला पाऊस आला तो आम्ही दादरच्या फुलबाजारातून परतताना. घरी येईपर्यंत आत्याच्या पायाशी घोटाभर पाणी, आणि गोणीतली रेती भिजून सगळी चिखल. पातळाचा काठ, शेवंतीची पुडी, सगळं राडा. ती म्हणाली, ‘‘बूच कुठंय?’’ मला कळेना. ‘‘खाली भोक असतं, त्याला बूच असतं. पावसात काढून ठेवायचं. तुझ्या मेस्त्रीला एवढं माहीत नाही?’’ मेस्त्रींना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘उद्या पाडतो.’’

रेतीच्या गोणीबरोबर मात्र ती पुन्हा बसायला तयार होईना. पाटा आमच्या नव्या इमारतीत बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीखाली आहे. मिक्सर आल्यापासून तो तिथेच. मी आणि वॉचमन, दोघांनी मिळून लिफ्टने खाली आणला. वीसेक किलो तरी असेल. आत्याने त्याच्यावर जुनं पोतं टाकलं आणि पाय ठेवले.

त्या गुरुवारी हिंदमाताच्या सिग्नलला एक टॅक्सीवाला काच खाली करून आत डोकावला. पोतं सरकलं होतं. ‘‘मावशी, पाटा विकायला काढला काय?’’

‘‘नाही हो,’’ आत्या म्हणाली, ‘‘फिरायला आणलाय.’’

सिग्नल सुटला. मी उजवा पाय उचलून घेतला. तीन चाकांची गाडी, उभी राहिली तर पडत नाही, हे मला पूर्ण माहीत आहे. तरी प्रत्येक सिग्नलला पाय खाली टाकतेच.